दंडावरची बेटकुळी

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांच्या फाटकांपुढून दिवसभर ट्रक, टेम्पो आणि हातगाड्यांची ये-जा चालू असते. मालाने लादलेली एखादी हातगाडी चढावर अडली, की हमाल दोन्ही तळहात दांडीवर टेकवतो, कंबरेत किंचित वाकतो, एक पाय मागे रोवतो आणि सारे बळ एकवटून गाडी पुढे ढकलतो. पाहणाऱ्याला वाटते, या माणसाचे स्नायू गाडी ढकलत आहेत. प्रत्यक्षात त्या क्षणी त्याच्या शरीरातील एकही स्नायू ढकलत नसतो. सगळेच्या सगळे ओढत असतात.

माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. मधल्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा एक आहे, तर बैठकीच्या जागी एक असा आहे की तो हाताच्या पंजात मावणार नाही. आकार निरनिराळे, जागा निरनिराळ्या. परंतु विद्या प्रत्येकाला एकच अवगत आहे. आखडायचे आणि ओढायचे. ओढून झाले की सैल पडायचे. सैल पडलेला स्नायू पुन्हा आपल्या बळावर लांबही होऊ शकत नाही; त्याला दुसऱ्या कोणीतरी ताणावे लागते. म्हणूनच हाडे हलवणाऱ्या स्नायूंची मांडणी शरीरात जोडीजोडीने, समोरासमोर केलेली आढळते. एक दुमडणारा, एक उलगडणारा.

दंडाच्या पुढच्या बाजूस असलेल्या स्नायूला पुस्तकात द्विशिरस्क म्हणतात आणि व्यायामशाळेत बायसेप्स. त्याचा जोडीदार दंडाच्या मागे असतो. तो त्रिशिरस्क, म्हणजे ट्रायसेप्स. पुढचा आखडला की कोपर दुमडते, मागचा आखडला की कोपर सरळ होते. हमालाने गाडीला जोर लावला तेव्हा हा मागचा स्नायू कोपराच्या टोकाला मागून ओढत होता, त्यामुळे हात ताठ होऊन तळहात पुढे गेला. छातीचे स्नायू दंडाला पुढे ओढत होते. पोटरीचे स्नायू टाच वर ओढत होते, त्यामुळे चवड्याने जमिनीला मागे रेटा दिला. इतक्या खेचण्यांची बेरीज झाली आणि बाहेरून ती एक ढकलणी दिसली.

हे खरे की खोटे, याची परीक्षा बालवाचकांना घरच्या घरी घेता येईल. जेवणाच्या टेबलाखाली तळहात उताणा धरून टेबल वर उचलण्याचा प्रयत्न करावा आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपावा. पुढची बाजू दगडासारखी टणक लागेल, मागची मऊ राहील. आता तोच हात टेबलावर पालथा ठेवून खाली दाबावे. या खेपेस मागची बाजू टणक होईल आणि पुढची सैल पडेल. टेबल जागचे हलले नाही तरी चालेल. कोणता स्नायू कामाला लागला हे बोटांना बरोबर कळते.

येथे एखादे चौकस मूल जीभ बाहेर काढून दाखवील आणि विचारील, ‘मग हिला कोण ढकलते?’ शंका मोठी रास्त आहे. जिभेत हाड नाही, ओढायला तरफ नाही, तरीही ती बाहेर येते. याचे उत्तर असे, की जिभेच्या आत आडवे, उभे आणि लांबीच्या दिशेने धावणारे असे अनेक स्नायूंचे जाळे आहे. आडवे आणि उभे स्नायू आखडले की जीभ रुंदीने व जाडीने कमी होते. कणकेचा गोळा मुठीत आवळला की तो बोटांच्या फटीतून बाहेर येतो, तसे तिचे होते. आतला ऐवज तेवढाच राहतो म्हणून लांबी वाढते. शिवाय हनुवटीच्या हाडापासून निघालेला एक स्नायू जिभेचा मागचा भाग पुढे ओढतो. जिभेलाही ढकलणारे कोणी नाही. ओढणाऱ्यांनी आवळले म्हणून ती बाहेर आली.

हृदयाचेही असेच. ते रक्त ढकलते असे आपण म्हणतो, परंतु त्याच्या भिंतीतील स्नायूंचे वेढे स्वतःला आवळून घेतात आणि आतली पोकळी लहान झाल्यामुळे रक्त धमनीत शिरते.

दंड दुमडून फुगवला की जो उंचवटा येतो, त्याला मराठीत बेटकुळी किंवा बेडकी म्हणतात. कातडीखाली एखादी बेडकी बसावी आणि तिने अंग फुगवावे, असे आपल्या पूर्वजांना ते दृश्य दिसले असावे. प्राचीन रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिन भाषेत ‘मुस्क्युलस’ म्हणजे छोटा उंदीर, आणि युरोपातील अनेक भाषांमधला स्नायूचा शब्द त्यापासूनच आला आहे. दोन्ही कल्पनांत मराठी कल्पना अधिक नेमकी म्हणावी लागेल, कारण उंदीर पळतो. बेडूक जागच्या जागी फुगतो.

योगायोग असा, की स्नायूंचे शास्त्र पुढे नेण्यासाठी खऱ्याखुऱ्या बेडकांनाच मोठी किंमत मोजावी लागली. इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मृत बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो झटका देतो, हे पाहिले आणि १७९१ साली ते प्रसिद्ध केले. मज्जातंतूंमधून धावणारा संदेश विजेच्या जातीचा असतो, ही कल्पना तेथून पुढे आली. त्यानंतर दोन शतके जगभरच्या प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी तोच बेडूक कापला. भारतात २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील प्राण्यांची चिरफाड थांबवण्याचे निर्देश दिले. आज संगणकाच्या पडद्यावर आणि प्रतिकृतींवर तोच धडा शिकता येतो, आणि स्वतःच्या दंडावरची बेटकुळी तर प्रत्येकाजवळ आहेच.

या बेटकुळीच्या आत काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतू केसासारखा बारीक. त्याच्या आत आणखी सूक्ष्म धागे, आणि त्या धाग्यांत एकापुढे एक रचलेल्या चिमुकल्या खोल्या. एक सेंटिमीटर लांबीत अशा सुमारे चार हजार खोल्या मावतात. प्रत्येक खोलीत दोन प्रकारचे दोर असतात. पातळ दोर अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा आणि जाड दोर मायोसिनचा. जाड दोराला असंख्य हात फुटलेले असतात.

विहिरीतून पोहरा शेंदताना माणूस काय करतो? एका हाताने दोर धरून ओढतो, सोडतो, पुढे हात नेऊन पुन्हा धरतो, पुन्हा ओढतो. मायोसिनचे हात नेमके हेच करतात. ते पातळ दोर धरतात, खोलीच्या मध्याकडे ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. एका हिसक्यात दोर सरकतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढा. पण हजारो खोल्या एका रांगेत एकाच वेळी आखडत असल्यामुळे या नगण्य सरकण्यांची बेरीज होऊन कोपर दुमडते. दोर स्वतः आखूड होत नाहीत; ते एकमेकांत सरकतात, हे येथे महत्त्वाचे. हा शोध १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी मांडला. एका गटात अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगर्के होते, दुसऱ्यात ह्यू हक्सली व जीन हॅन्सन. दोन्ही हक्सलींचे आडनाव एक असले तरी ते एकमेकांचे नातलग नव्हते.

हे शेंदणे सुरू कोण करतो? मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचतो, तेथे एक रसायन सांडते आणि स्नायूच्या कोठारातील कॅल्शियम मोकळे होते. एरवी पातळ दोरावर एक झाकण असते, त्यामुळे हातांना पकड मिळत नाही. कॅल्शियम ते झाकण बाजूला सारते. पकड घेण्यासाठी नव्हे, तर घेतलेली पकड सोडण्यासाठी प्रत्येक हाताला एटीपी नावाच्या इंधनाचा एक कण लागतो, ही त्यातली गमतीची बाब. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, तेव्हा मज्जातंतू अवेळी संदेश पाठवीत राहतात आणि हात ओढणे थांबवतच नाहीत. अशा वेळी पायाची बोटे आपल्याकडे ओढून पोटरी ताणली की आराम पडतो. आखडलेला स्नायू आपण होऊन लांब होत नाही, त्याला दुसऱ्याने ताणावे लागते, हे सूत्र येथेही लागू आहे.

स्नायू हाडाला थेट चिकटलेला नसतो. मध्ये पांढरा, चिवट स्नायुरज्जू असतो. टाचेच्या मागे चिमटीत धरता येतो तो शरीरातला सर्वांत दणकट. त्यातील कोलॅजन या प्रथिनाची रचना उलगडण्याचा मान भारताकडे जातो. १९५४ सालीच, आणि ‘नेचर’मध्येच, मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी दाखवले की कोलॅजनचे तीन पेड एकमेकांभोवती गुंफलेले असतात. ज्या घरात रोज सकाळी शाळेच्या घाईत तीन पेडांची वेणी घातली जाते, त्या घराला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. सुटे केस ओढले की तुटतात, वेणी तुटत नाही.

बोटांची गोष्ट या रज्जूंमुळेच विलक्षण झाली आहे. बोटांमध्ये त्यांना दुमडणारे स्नायू नाहीतच. बोटे दुमडणारे मोठे स्नायू कोपराजवळ, पुढच्या हाताच्या मांसल भागात बसलेले असतात आणि लांब रज्जूंनी दुरून बोटे हलवतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दाखवणारा पडद्याआड बसतो, तसेच हे. एका हाताने दुसऱ्या हाताचा मनगट व कोपर यांमधला भाग धरावा आणि बोटे पेटी वाजवल्यासारखी नाचवावीत. हालचाल भलतीकडेच जाणवेल. बोटे सडपातळ राहिली, म्हणून सुईत दोरा ओवता येतो आणि मोत्यासारखे अक्षर काढता येते.

या सोयीची किंमतही आहे. दंडाचा पुढचा स्नायू पुढच्या हाताच्या हाडाला कोपरापासून सुमारे चार सेंटिमीटरवर जोडलेला असतो, आणि तळहातातले ओझे असते तीस-बत्तीस सेंटिमीटरवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून पाच किलोची पिशवी तोलायची, तर स्नायूला सुमारे चाळीस किलोचा ताण सोसावा लागतो. हा व्यवहार तोट्याचा वाटतो खरा. पण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात आठ सेंटिमीटर उचलला जातो. बळ खर्चून शरीराने वेग विकत घेतला आहे. चेंडू फेकणारा हात इतका झपाट्याने फिरतो तो याच हिशेबामुळे. दप्तराचा हिशेबही येथेच येतो. दप्तर एका खांद्यावर लोंबते, तेव्हा पाठीच्या कण्याच्या दुसऱ्या बाजूचे स्नायू त्याला तोलून धरण्यासाठी दप्तराच्या वजनाच्या कितीतरी पट ओढत राहतात. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असे ठरवले आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. घरच्या काट्यावर दप्तर एकदा ठेवून पाहायला हरकत नाही.

आनंदनगरच्या परिसरातून मलंगगड दिसतो. तो चढून-उतरून आलेल्यांना एक कोडे हमखास पडते. चढताना धाप लागते, घाम फुटतो. उतरताना गप्पा मारता येतात. मग दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या कशाने? पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या करून आलेल्या यात्रेकरूंचाही हाच अनुभव असतो. शत्रुंजय चढल्याचे दुखणे म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतांशी उतरल्याचे असते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि गुडघा सरळ करून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ओढत असतो, परंतु शरीराचे वजन त्याला जबरीने लांबवत असते. उतारावर गाडी ब्रेक दाबत खाली यावी तसे. या ओढाताणीत काही सूक्ष्म धागे विसकटतात, तेथे किंचित सूज येते आणि एक-दोन दिवसांनी अंग आंबते. ‘लॅक्टिक आम्ल साचले म्हणून दुखते’ असे अजूनही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ते आम्ल श्रम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. विसकटलेले धागे दुरुस्त होतात आणि पुढच्या खेपेला तेवढाच उतार कमी दुखतो. यात्रेच्या आधी दोन-तीन आठवडे घरच्या इमारतीचे जिने केवळ चढण्याचाच नव्हे, उतरण्याचाही सराव करावा, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

स्नायूचे तिसरेही एक काम आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मल्लखांबावर चढलेला मुलगा एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडाला मांड्यांची पकड घालून आडवा स्थिर राहतो, तेव्हा त्याचे अंग तसूभर हलत नसते. आतले मायोसिनचे हात मात्र अविरत धरत-सोडत असतात. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार जगासमोर सादर केले होते. न हलता काम करणे ही धावण्याहून कमी मेहनतीची बाब नाही.

कायोत्सर्ग मुद्रेत उभे राहणाऱ्यालाही हे ठाऊक असते. कुंभोजच्या बाहुबलींच्या २८ फूट उंच मूर्तीला पाषाणामुळे तोल मिळाला आहे. माणसाला मिळत नाही. आपल्या शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो, आणि पोटरीचा स्नायू त्याला सतत मागे ओढून धरतो नाहीतर माणूस तोंडावर पडेल. हे काम करणारे तंतू वेगळ्या जातीचे असतात. ते लाल, संथ आणि न थकणारे असून प्राणवायूवर चालतात. उसळी मारण्यासाठी, धावण्याच्या शर्यतीसाठी फिकट, चपळ आणि लवकर दमणारे तंतू असतात. प्रत्येकाच्या स्नायूत दोन्हींचे मिश्रण असते आणि त्याचे प्रमाण बरेचसे जन्मतः ठरलेले असते. म्हणूनच वर्गातील एखादे मूल शंभर मीटरमध्ये पहिले येते आणि एखादे मलंगगडाच्या माथ्यावर सर्वांच्या आधी पोहोचते.

आपल्या आज्ञेची वाट न पाहणारे स्नायूही आहेत. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आखडते आणि सात हजार लिटर रक्त फिरवते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सात टाक्या भराव्यात इतके. अन्ननलिकेतील स्नायूंचे वेढे घास आपोआप पुढे सारतात, त्यामुळे उलटे लटकूनही पाणी गिळता येते. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला एक सूक्ष्म स्नायू केस ओढून उभा करत असतो. श्वासपटल मात्र दोन्ही दरडींवर पाय ठेवून आहे. ते झोपेत आपोआप चालते, आणि जागेपणी मनात आले तर श्वास क्षणभर रोखताही येतो. उचकी लागते तेव्हा ते कोणाचेच ऐकत नाही.

स्नायूंच्या कामात खर्च होणाऱ्या शक्तीपैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीला लागतो. उरलेल्याची ऊब होते. धावल्यावर अंग तापते ते त्यामुळे, आणि थंडीत हुडहुडी भरते तीही त्याचसाठी. काम काहीच नाही, केवळ ऊब हवी आहे म्हणून शरीर स्नायू थरथरवते.

ही शक्ती येते अन्नातून. ‘मांस खाल्ल्याशिवाय मांस चढत नाही’ हा टोमणा शाकाहारी घरातल्या मुलांना शाळेत कधी ना कधी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या ताटात आहे. प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी नऊ शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. वरण-भात एकत्र जेवला की एकाची उणीव दुसरे भरून काढते. जोडीला दूध, दही, मूग, हरभरा, शेंगदाणे असले की बेटकुळीला आणखी काही लागत नाही. लागतो तो व्यायाम आणि झोप. नुसते खाऊन स्नायू वाढत नाही.

पर्युषणात घरातील मोठी माणसे अठ्ठाई करतात, तेव्हा त्यांच्या स्नायूंचे काय होते, हेही मुलांनी विचारावे. यकृतातील साखरेचा साठा साधारण एका दिवसात सरतो. स्नायूंत त्याच्या कितीतरी पट साठा असतो, परंतु स्नायू तो रक्तात परत देत नाही, स्वतःपुरता राखतो. मग शरीर चरबी वापरू लागते. पहिल्या काही दिवसांत स्नायूंतील काही प्रथिनेही मोडून त्यांची साखर केली जाते, कारण मेंदूला ती हवी असते. पुढे मेंदू चरबीपासून तयार होणाऱ्या इंधनावर भागवू लागतो आणि स्नायूंची ही झीज मंदावते, थांबत नाही. पारण्यानंतर जिना चढताना पाय लटपटतात त्याचे कारण यात सापडेल. वाढीच्या वयातील मुलांना स्नायू एकाच वेळी घडवायचेही असतात आणि चालवायचेही. त्यांचा हिशेब मोठ्यांसारखा धरता येत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

न वापरलेला स्नायू शरीर फार काळ सांभाळत नाही. हात मोडून सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिला की तो दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला दिसतो. अंतराळात तर वजनच नसल्यामुळे पायांना उभे राहण्याचेही काम उरत नाही. म्हणून अंतराळस्थानकात राहणारे प्रवासी रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. २०२५च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला तेथे गेले, तेव्हा त्यांनी केलेल्या प्रयोगांपैकी एक स्नायूंच्या पेशी अंतराळात कशा घडतात याविषयीचा होता.

मात्र प्रत्येक दुर्बळ स्नायू आळसाने दुर्बळ झालेला नसतो. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात, मुख्यतः मुलग्यांमध्ये, डिस्ट्रॉफिन नावाचे एक प्रथिन जन्मतःच तयार होत नाही. स्नायू ओढतो तेव्हा तंतूच्या आवरणावर जो ताण येतो, तो सावरण्याचे काम या प्रथिनाचे. ते नसले की प्रत्येक ओढीबरोबर आवरण फाटत जाते. दुरुस्ती झीजेला पुरी पडत नाही आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट ऊती भरत जातात. असे मूल साधारण तीन ते पाच वर्षांचे असताना वारंवार पडू लागते. जिना चढताना कठड्याला धरते. जमिनीवरून उठताना आधी हातापायांवर येते, मग गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात ठेवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात, त्यामुळे घरच्यांची समजूत होते की मूल धडधाकट आहे, अंगचोरपणा करते आहे. रक्ताच्या एका साध्या तपासणीत स्नायूंची झीज उघड होते. ही लक्षणे दिसताच बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये. आजार पूर्णपणे बरा होत नाही, पण औषधांनी आणि योग्य हालचालींनी त्याची गती कमी करता येते.

अशा मुलाला ‘व्यायाम केलास की ताकद येईल’ असे सांगून पळवणे घातक आहे. सर्वांत जास्त इजा त्याला होते ती जिना उतरताना, कारण ताणले जात असताना ओढणे हेच त्याच्या तंतूंना सोसत नाही. त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल तर तो तळमजल्यावर आणणे हा उपचाराचाच एक भाग आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समाविष्ट केला असून शाळेची इमारत अशा मुलांना वापरता येईल अशी ठेवण्याची जबाबदारी शाळेवर टाकली आहे. मैदानावर तो खेळत नसेल तर गुण लिहिण्याचे काम त्याच्याकडे देता येते. मांड्या, कंबर आणि खांदे यांचे स्नायू आधी थकतात. हाताच्या पंजाचे आणि बोटांचे स्नायू मात्र बऱ्याच काळापर्यंत साथ देतात. चाकाच्या खुर्चीत बसलेला मुलगाही पेन्सिल धरतो, चित्र काढतो, बुद्धिबळाचा घोडा उचलून अडीच घरे पलीकडे ठेवतो.